झाड लावलं, पण कार्बन कधी मोजायचा?

नमस्कार मंडळी. आज ब्रिटनमधल्या वुडलँड कार्बन कोडबद्दल बोलायचं ठरलंय. नाव भारदस्त आहे, भानगड तशी सोपी. मोकळ्या जमिनीवर नवं जंगल लावायचं, झाडं वाढताना हवेतला कार्बन ओढून घेतात त्याचे युनिट करायचे, एक युनिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, आणि ते कुठल्यातरी कंपनीला विकून लागवडीचा काही खर्च काढायचा. २०११ पासून हे चालू आहे. कुणावर सक्ती नाही, स्वतःहून यायचं. पण एकदा आत आलात की मग नियम म्हणजे नियम.

आता खरी मेख बघा. गिऱ्हाइकाला युनिट आज हवंय आणि झाड आज गुडघ्याएवढंही नाहीये. पहिली काही वर्षं रोप फारसा कार्बन धरतच नाही, उलट लागवडीसाठी जमीन उकरली तर मातीतलाच थोडा कार्बन बाहेर जातो. मग विकायचं काय? इथं या लोकांनी जे केलंय ते मला फार आवडतं. त्यांनी दोन प्रकारचे युनिट केले. पहिलं पेंडिंग युनिट, म्हणजे सरळ पुढच्या तारखेचा चेक. तो विकत घेता येतो, जपून ठेवता येतो, पण कंपनीला तो स्वतःच्या धुरासमोर वजा दाखवता येत नाही, कारण अजून खात्यात पैसेच नाहीत ना. ती तारीख आली, तपासणी झाली, झाडं खरंच वाढलीत असं दिसलं, की मग त्याचं पक्कं युनिट होतं आणि तेच हिशेबात धरायचं. पहिली तपासणी पाचव्या वर्षी, नंतर निदान दर दहा वर्षांनी. तपासणारी संस्था बाहेरची, मान्यता घेतलेली. सुरुवातीला नमुन्याचे तुकडे पाडून जगलेली रोपं मोजतात, झाडं मोठी झाली की छातीच्या उंचीला टेप लावून खोडाची जाडी. प्रोजेक्ट जास्तीत जास्त १०० वर्षांचा, म्हणजे लावणाऱ्याचा पणतू शेवटच्या तपासणीला हजर असला तर नवल नाही. सगळी नोंद एका रजिस्टरमध्ये, कुणीही उघडून बघावं, त्यामुळे एकच टन दोघांना विकायची सोय नाही.

बरं, झाडं मेली तर? वादळ येतं, हरणं कोवळे शेंडे खातात, अॅश नावाच्या झाडाला तर २०१२ पासून तिकडे बुरशीनं धरलंय. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टचे २० टक्के युनिट एका सामायिक खात्यात बाजूला टाकतात, विकायचेच नाहीत. आपल्या भिशीसारखं म्हणा हवं तर, एकाचं बुडालं की सगळ्यांच्या साठ्यातून भरून निघतं.

दुसरी चाळणी जास्त कडक आहे, आणि भांडणंही तिथेच होतात. कार्बनचे पैसे मिळाले नसते तर हे जंगल झालंच नसतं, हे दाखवावं लागतं. कायद्यानंच झाडं लावणं बंधनकारक असेल तर बाद. नुसत्या लाकडाच्या विक्रीतच चांगला नफा सुटत असेल तरी बाद. पोराचं लग्न आधीच ठरलेलं असतं आणि मध्यस्थ मिशीला पीळ देत सांगतो मीच जमवलं, तसं चालत नाही इथे. आणि तोडायचंच जंगल असेल, म्हणजे ४०-५० वर्षांनी सगळं कापून परत लावणार असाल, तर वाढीच्या शिखरावरचा आकडा सांगायचा नाही, दोन्ही फेऱ्या धरून जी सरासरी येते तिथपर्यंतच युनिट. हा नियम नसता ना तर सिटका स्प्रूस लावून कागदावर नुसती लूट झाली असती, ते झाड भराभर वाढतं.

आता मातीचं. यावर मी जरा थांबणार आहे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री म्हणून भाग आहे, मैलोन्‌मैल पीट, म्हणजे हजारो वर्षांचं शेवाळ कुजता कुजता न कुजलेलं, काळं, स्पंजसारखं पाणी धरून बसलेलं. १९८० च्या दशकात करात सवलत मिळते म्हणून श्रीमंत लोकांनी तिथे पैसे घातले, चर खणून पाणी काढलं आणि परदेशी सूचिपर्णी झाडं लावली. पाणी गेलं की पीटला हवा लागते, आणि हवा लागली की साठलेला कार्बन उडायला लागतो. म्हणजे वर झाड कार्बन ओढतंय आणि खाली माती तोच सोडतीये! १९८८ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ती सवलत काढली तेव्हा हा प्रकार आटोक्यात आला. आज तिथलीच झाडं कापून, चर बुजवून पाणी परत अडवायचं काम चालू आहे आणि २०२४ ला तो भाग युनेस्कोच्या यादीत गेला. हा फटका खाल्लेल्या देशाच्या कोडमध्ये म्हणूनच अट आहे, ५० सेंटिमीटरपेक्षा खोल पीट असेल तर प्रोजेक्ट नाही. जमीन रिकामी दिसते म्हणून ती रिकामी असते असं नाही.

आपल्याकडे पीट फारसं नाही पण माळरान आहे. सासवडच्या बाजूला, सोलापुरात, लांडगा आणि चिंकारा तिथेच राहतात, मेंढरं तिथेच चरतात, आणि सरकारी कागदावर बऱ्याचदा ती पडीक जमीन. आपल्याकडे असा कोड उद्या कुणी लिहायला बसलं तर त्या पीटच्या ओळीच्या जागी माळरान लिहावं लागेल, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त विरोध त्याच ओळीला होईल, कारण खड्डे खणायला सगळ्यात सोपी जागा तीच.

बरं, मागच्या रांगेतले काका कधीचे हात वर करून बसलेत. बोला काका.