पांढऱ्या बियांचा कोको

(पडद्यावर: खोडाला लागलेलं पिवळं फळ. कोयत्याचा आवाज.)

कोकोचं हे फळ फांदीच्या टोकाला शोधू नका. फणसासारखं ते थेट खोडालाच लागतं. कवच फुटलं की आत सीताफळासारखा पांढरा गर, आणि गरात दाटीनं बसलेल्या बिया. गराची चव आंबटगोड. चॉकलेटची आठवणसुद्धा होत नाही.

आता एक बी मधोमध चिरूया. कोकोची बी एरवी बहुधा जांभळी निघते. ही निघाली सोललेल्या बदामासारखी पांढरी! त्याच फळातली शेजारची मात्र जांभळी. पांढऱ्या बीत तो रंग नाही, आणि त्याच्यासोबत येणारा तुरटपणाही फार कमी.

(पडद्यावर: उघडे डोंगर, खाली नदी.)

हा पेरू देशाचा उत्तर भाग. मारान्योन नदीची दरी. वाणाचं नाव नासिओनाल. एकेकाळी शेजारच्या इक्वाडोरची ही शान. १९१६ नंतर बुरशीच्या रोगांनी तिथल्या बागा बसल्या, संकरित झाडं आली, आणि शुद्ध नासिओनाल संपला असंच सगळे धरून चालले. २०११ साली जाहीर झालं, की मारान्योनच्या झाडांची जनुकं त्याच वाणाची आहेत. मग 'शोध लागला' म्हणून गाजावाजा. शोध कसला? झाडं शेतकऱ्यांच्या बागेत उभीच होती. व्यापारी बी वजनावर घ्यायचा, वाण कोण विचारतो!

याच मारान्योनला चिंचिपे नदी येऊन मिळते. तिच्या वरच्या अंगाला, इक्वाडोरच्या हद्दीत, सांता आना ला फ्लोरिदा इथं जुनी भांडी सापडली. त्यांना चिकटून राहिलेले कोकोचे अंश सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे, असं २०१८ साली प्रसिद्ध झालं. मेक्सिको हे कोकोचं माहेर, असं आपण ऐकत आलो. ते सासर निघालं.

(पडद्यावर: लाकडी पेटी. केळीची पानं बाजूला होतात, वाफ येते.)

ओल्या बिया इथं आंबतात. पेटीत हात घातला तर चटका बसावा इतकी ऊब. पांढरी बी लवकर आंबते, जांभळीला वेळ लागतो, आणि पेटी तर एकच. कधी ढवळायचं, कधी बाहेर काढायचं, ते वासावरून ठरवावं लागतं. इथं चुकलं तर वाण कितीही जुना असो, चॉकलेट आंबूस.

उत्पन्नाचं म्हणाल तर सीसीएन-५१ हा संकरित वाण भरभरून पिकतो. जुनी झाडं तोडून कुणी तो लावला, तर त्याला बोल लावायचा आपल्याला काय अधिकार? जुन्या वाणाला जास्तीचा भाव मिळाला, तरच तो बागेत टिकणार.

(पडद्यावर: रोपाच्या खोडावर तिरकी चीर.)

जुन्या झाडाची बोटभर काडी. चिरेत बसवली, वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. कलम धरलं की नाही, ते काही आठवड्यांत कळेल. फळाला मात्र दोन-तीन वर्षं.