रुळांमधलं अंतर आणि भोर घाट

मंडळी, आपल्या छोट्या रेल्वे-मॉडेलांच्या पहिल्या कपाटातली ती तीन इंजिनं तुम्हाला शाळेपासून पाठ आहेत: साहिब, सिंध, सुलतान. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, ४०० पाहुणे. त्यावर वेळ घालवत नाही. डबे मोजण्याआधी जरा खाली वाकून रूळ बघा.

आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, म्हणजे साडेपाच फूट. एचओ या मॉडेल-रेल्वेच्या मापात सगळं ८७ पट लहान होतं, तेव्हा रुळांमधलं अंतर १९.३ मिलिमीटर यायला हवं. बाजारात मिळतो तो ट्रॅक मात्र १६.५चा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवरून बेतलाय. त्यावर आपली लोकल उभी केली की समोरून ती अंगानं भरलेली आणि पाय जवळ घेऊन उभी असल्यासारखी दिसते. अचूक मॉडेल हवं तर रूळ हातानं बसवायचे आणि प्रत्येक आसही (दोन चाकं जोडणारा दांडा) बदलायचा. एवढा खटाटोप फार थोडे करतात, आणि न करणाऱ्यांना मी तरी नावं ठेवणार नाही.

वळणाचंही तेच. ब्रॉडगेजवर फार तर दहा अंशांचं वळण चालतं, म्हणजे साधारण १७५ मीटर त्रिज्या. ८७नं भागलं तर दोन मीटर. गाडी फिरून परत आणायची तर टेबल चार मीटर रुंद लागेल! खेळण्याच्या सेटमधलं वळण जेमतेम ३६ सेंटिमीटर त्रिज्येचं असतं. लांब डबा तिथं मधल्या भागात आत झुकतो आणि टोकांना बाहेर येतो. शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतो तो इथंच.

गाडी वारंवार घसरत असेल तर लोक ट्रॅकला दोष देतात. आधी कॅलिपर घ्या. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ मिलिमीटर असावं. चाक आसावर थोडंसं सरकलं, तर सरळ रुळावर काहीच कळत नाही. सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथं आलं, की नेमकं उतरतं.

मुंबईच्या दमट हवेचा त्रास वेगळा. प्लायवूड फुगतं आणि रुळांचे जोड वर येतात, म्हणून पाट दोन्ही बाजूंनी सील करायचा, कडासुद्धा. मग रुळांवरचा काळा थर. चाक आणि रूळ यांच्यात बारीक ठिणग्या उडतात, त्यात तेल-धूळ मिसळते आणि इंजिन अडखळू लागतं. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसा, चाकंही पुसा. सँडपेपर नको; ओरखड्यांत घाण आणखी घट्ट बसते. जुन्या ओतीव जस्ताच्या इंजिनांना तडे गेलेले दिसतील. ते ओतताना जस्तात शिसं मिसळलं गेल्याचा परिणाम आहे. त्यावर इलाज नाही, मात्र शेजारच्या इंजिनाला ते लागत नाही.

आता मधल्या टेबलाकडे या, भोर घाटाकडे. १८६३ साली हा घाट वाहतुकीला खुला झाला. चढ ३७ला १: इथं सात सेंटिमीटर वर जायला दोन मीटर साठ सेंटिमीटर लांबी खर्ची पडली आहे, आणि मागून ढकलणारं जादा इंजिन, म्हणजे बँकर, लावल्याशिवाय आमचीही गाडी चढत नाही. खंडाळ्याजवळ डोंगरात वळायला जागाच नव्हती, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन काढलं. गाडी आत जायची आणि आली त्याच्या उलट दिशेनं बाहेर पडायची. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ते बंद पडलं.

मुलं विचारतात, इथं गोल फिरवून का आणली नाही? टेबलावर तसं केलं तर वळसा पूर्ण होताना डावा रूळ उजव्याला भेटतो. या दोन रुळांतूनच १२ व्होल्ट येतात, त्यामुळे तिथं शॉर्ट होतो; तो तुकडा दोन्ही टोकांना तोडून वेगळा वायर करावा लागतो. रिव्हर्सिंग स्टेशनला ही भानगडच नाही. गाडी वळतच नाही, फक्त मागे येते. हिरवं बटण दाबा, पण आधी सांधा बदललाय ना ते बघा.