कोगनोळीचा नाका आणि आभाळातला नाका

श्रोतेहो, नमस्कार.

आज 16 सप्टेंबर, ओझोन दिन. मी लहान असताना आमच्या घरचा फ्रिज बिघडला होता. मेकॅनिकनं मागची तांब्याची नळी कापली, फुस्स आवाज झाला, आतला गॅस हवेत गेला. मग नळी जोडून त्यानं नवा गॅस भरला. संध्याकाळी बर्फ झाला आणि आम्ही पोरं खूश! त्यात काही चुकतंय असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या काळी फ्रिजमध्ये आर-12 भरायचे, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन. पेट घेत नाही, विषारी नाही, म्हणून सगळ्यांचा लाडका. पण तो हळूहळू वर चढतो. तिथं अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोन खायला लागतो. क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी हे 1974 सालीच सांगितलं होतं.

आणि ओझोन आहे तरी किती? डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला, तर थर जेमतेम 3 मिलिमीटरचा, आपल्या भाकरीएवढा. शास्त्रज्ञ त्याला 300 डॉबसन एकक म्हणतात.

हे उपग्रह मोजतो कसं? समजा, कोल्हापूरहून निपाणीला दोन ट्रक निघाले, एकात गूळ, एकात तंबाखू. कोगनोळीच्या नाक्यावर जकात म्हणून गुळाच्या ढेपा काढून घेतल्या, तंबाखूला हातही लावला नाही. निपाणीत दोन्ही ट्रक मोजले की नाका किती कडक होता ते कळतं. सूर्यप्रकाशाचंही तसंच. काही अतिनील लहरी ओझोन गिळतो, काही तशाच सोडतो. ढगांवरून, जमिनीवरून उलटून वर आलेल्या दोन्ही लहरी उपग्रह ताडून बघतो.

1978 साली निंबस-7 उपग्रह असं मोजू लागला. पण अंटार्क्टिकावर 180 च्या खालचे आकडे आले, तेव्हा संगणकानं ते संशयास्पद म्हणून बाजूला काढले. इतका कमी ओझोन असेल, असं कुणी धरलंच नव्हतं. तिकडे अंटार्क्टिकावरच्याच हॅली केंद्रावर ब्रिटिश शास्त्रज्ञ 1957 पासून जमिनीवरून मोजत होते. ऑक्टोबरातला आकडा 300 वरून 200 च्याही खाली उतरल्याचं त्यांनी 1985 मध्ये जाहीर केलं. मग बाजूला ठेवलेले आकडे पुन्हा तपासले गेले. ते खरे होते! ओझोन विरळ झालेला भाग, म्हणजेच ओझोनचं भोक, अख्ख्या अंटार्क्टिकाएवढं पसरलेलं दिसलं. वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहून मोजणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो, तो यासाठी.

भोक तिथंच का? तिथल्या हिवाळ्यात उंचावर बर्फाळ ढग बनतात, त्यांच्यावर क्लोरीन मोकळा व्हायच्या तयारीत बसतो आणि सूर्य परतला की कामाला लागतो. आपल्या बेळगावावर असं भोक नाही.

1987 साली आजच्याच तारखेला माँट्रियल करार झाला. देशोदेशी हे गॅस बंद झाले. अंटार्क्टिकावरचा थर 2066 च्या सुमारास 1980 सालासारखा होईल, असा अंदाज आहे. इतका वेळ, कारण आर-12 हवेत सुमारे शंभर वर्षं टिकतो. आमच्या फ्रिजमधून फुस्सकन सुटलेला गॅस बहुतेक अजून वरच आहे.

आज दुपारी दीडच्या सुमारास सेंटिनेल-5पी हा उपग्रह आपल्या भागावरून जाईल. खानापूरकडे शेतातल्या बायका तेव्हा बांधावर भाकरी सोडून बसलेल्या असतील. त्या वेळी तो त्यांच्या डोक्यावरचा थर मोजत असेल.

नमस्कार.