कोप्पीचे गुडघे आणि सोबत्यांचा आडोसा

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘पायडल मारण्याचं शास्त्र’. तिथं पोचूच, पण आधी इटलीचा सायकलपटू फाउस्तो कोप्पी.

मांड्या लांब, धड आखूड. सायकलवर बसला की खांदे हलत नसत, कंबर डुलत नसे. फक्त गुडघे सरळ खाली-वर. इटलीत त्याला बगळा म्हणत. हे रूप पाहून लोक म्हणतात, याला कष्टच पडत नव्हते. ते मला मुळीच मान्य नाही.

१९४९ची टूर द फ्रान्स घ्या, म्हणजे फ्रान्सची अनेक टप्प्यांची सायकल शर्यत. तेव्हा संघ देशांचे असत. इटलीच्या एकाच संघात कोप्पी आणि जिनो बार्ताली, दोघेही जिंकायला आलेले. दोघांना सांभाळायला संघाचा व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा. पाचव्या टप्प्यात, सां-मालोच्या वाटेवर, पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे शर्यतीत एकूण आघाडीवर असलेल्या, मारिनेलीशी कोप्पीची टक्कर झाली आणि सायकल मोडली. पुढे केलेली दुसरी सायकल त्याला नको होती. त्याच्या मापाची होती बिंदाच्या गाडीवर, आणि ती मागे राहिलेली. याला नखरे म्हणू नका. सीट थोडी उंच झाली तरी पाय तळाशी पुरत नाही, मग दर फेरीला कंबर डुलते. थोडी खाली असली तर मांड्या भरून येतात. शेकडो किलोमीटर असं चालवायचं?

त्या दिवशी १८ मिनिटांहून जास्त गेली, एकूण पिछाडी जवळजवळ ३७ मिनिटांची. शर्यत सोडायचीच, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. बिंदानं आणि सोबत्यांनी त्याला थांबवलं.

मग आल्प्स. १८ जुलैला इझोआरचा घाट दोघांनी जोडीनं चढला. बार्तालीचा त्या दिवशी ३५वा वाढदिवस. कोप्पीनं टप्पा त्याला जिंकू दिला. दुसऱ्या दिवशी ऑस्ताच्या वाटेवर बार्ताली पंक्चर झाला आणि कोप्पी एकटा पुढे निघाला. पुढे १३७ किलोमीटरची एकट्यानं पळायची घड्याळशर्यतही त्यानंच मारली. पॅरिसला तो बार्तालीच्या १० मिनिटं ५५ सेकंद पुढे होता. एकाच वर्षी जिरो, म्हणजे इटलीची तशीच शर्यत, आणि टूर जिंकणारा तो पहिला.

सोबत्यांचं एक सांगतोच. १९५२च्या टूरमध्ये कोप्पीचा सोबती आंद्रेआ कार्रेआ याला लोझानमध्ये ध्यानीमनी नसताना पिवळी जर्सी मिळाली. तो रडला, कोप्पीला काय वाटेल, ही धास्ती! दुसऱ्याच दिवशी आल्प द्युएझवर कोप्पीनं ती मिळवली.

वेळ संपत आली, शास्त्र भराभर सांगतो. सपाटीवर बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट, तर हवेला लागणारी ताकद आठपट. म्हणून सोबत्याच्या मागच्या चाकाला चिकटायचं; त्या आडोशानं साधारण पाव ते तृतीयांश ताकद वाचते. तीच ताकद घाटात लागते, कारण तिथं वेग कमी, आडोसा फारसा कामाचा नाही, आपलं वजन आपणच ओढायचं. कोप्पीचे गुडघे घाटात सरळ चालत, ते सपाटीवर दुसऱ्यांनी वारा खाल्ला म्हणून.

आणि सीट. पायडल तळाशी न्या, टाच त्यावर ठेवा, पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्याला किंचित बाक उरतो. घरी भिंतीला हात टेकून बघा.