परक्यांना सांभाळून घेणाऱ्या पेशी

प्रयोगशाळेतील पारदर्शक प्लास्टिकचा एक तंबू आणि त्याच्या भिंतीतून आत गेलेले रबरी हातमोजे डोळ्यांसमोर आणा. आतील उंदरांना जन्मापासून एकाही जिवाणूचा स्पर्श झालेला नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचणारी हवा गाळलेली असते, खाद्य आणि पाणी निर्जंतुक केलेले असते आणि त्यांची देखभाल करणारा माणूसही त्यांना या हातमोज्यांतूनच हाताळतो. इतक्या कडक सोवळ्यात वाढलेला प्राणी ठणठणीत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र त्याच्या मोठ्या आतड्यात एका विशिष्ट प्रकारच्या पेशींची मोठी उणीव आढळते.

त्या पेशींना नियामक टी-पेशी म्हणतात; प्रतिकारशक्तीच्या इतर पेशींना आवरणाऱ्या या पांढऱ्या रक्तपेशी. प्रतिकारशक्ती म्हटले की ती 'वाढवायची' कशी, एवढाच प्रश्न आपल्याकडे विचारला जातो. पण ती आवरणारी यंत्रणा नसेल तर काय होते, हे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये जपानमध्ये उंदरांवर दाखवून दिले. या पेशी वगळल्या की शरीराचे संरक्षक शरीरावरच उलटतात. पुढे २००१ मध्ये अमेरिकेतील मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी३ हे जनुक सापडले आणि या पेशींची घडण त्याच्यावरच अवलंबून असल्याचे लवकरच स्पष्ट झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

छातीतील थायमस ग्रंथीत टी-पेशींना 'आपले' कोण, याची ओळख होते. परंतु आतड्यातील अन्न आणि अब्जावधी जिवाणू आपले नाहीत, तरीही त्यांच्याशी रोज युद्ध पुकारून चालत नाही. हा सलोखा आतड्यातच जुळवावा लागतो, आणि त्यात जिवाणूंचा स्वतःचा हात असतो.

केन्या होंडा यांच्या गटाने जपानमध्ये केलेले काम येथे सविस्तर पाहण्यासारखे आहे. क्लॉस्ट्रिडिया वर्गातील काही जिवाणू दिले की जंतुरहित उंदरांच्या मोठ्या आतड्यात नियामक पेशी वाढतात, हे त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. धनुर्वाताचा जिवाणू याच गोतावळ्यातला, म्हणून हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला असेल. माणसातील असे जिवाणू शोधण्यासाठी त्यांनी एका निरोगी व्यक्तीच्या विष्ठेवर क्लोरोफॉर्मची प्रक्रिया केली. त्यात बहुतेक जिवाणू मरतात, बीजाणूंच्या टणक कवचात दडलेले तेवढे तगतात. उरलेला ऐवज जंतुरहित उंदरांना पाजून, त्यांच्या आतड्यातील द्रव पुनःपुन्हा विरळ करत आणि पारखत ते अखेर सतरा वाणांपर्यंत पोहोचले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातील सर्वांत बोलकी बाब अशी की, एकेकटा वाण दिला तर परिणाम किरकोळ होता. सतरा एकत्र आले तेव्हाच नियामक पेशींची संख्या भरघोस वाढली.

हे जिवाणू नेमके काय करतात? आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ मोठ्या आतड्यात आंबवून यांतील अनेक जिवाणू ब्युटिरेट हे छोटे मेदाम्ल बाहेर टाकतात. जिवाणूच्या दृष्टीने तो टाकाऊ माल असतो, पण आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते इंधन असते. शिवाय, पेशीतील डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्या हिस्टोनवरील ॲसिटिल हे छोटे रासायनिक गट काढून टाकणाऱ्या विकरांना ब्युटिरेट अडवते. परिणामी गुंडाळी सैल राहते, फॉक्सपी३ जनुक वाचले जाते आणि कोवळी टी-पेशी नियामक होण्याकडे झुकते. त्याच वेळी या जिवाणूंच्या सान्निध्यात अस्तरातील पेशी टीजीएफ-बीटा हा टी-पेशींना नियामक होण्यास मदत करणारा संदेशही अधिक प्रमाणात पाठवतात.

सर्वच जिवाणू शांततेच्या बाजूचे नसतात. उंदरांच्या लहान आतड्यात अस्तराला चिकटून राहणारे काही धाग्यासारखे जिवाणू दाह वाढवणाऱ्या टीएच१७ पेशींना चालना देतात. त्याही पेशी संसर्गाशी लढताना उपयोगी पडतात.

येथे दह्याची आठवण होणे साहजिक आहे, म्हणून एक खुलासा करायला हवा. विरजणातील लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आणि हे क्लॉस्ट्रिडिया यांची जात वेगळी आहे. क्लॉस्ट्रिडियांना हवेतील प्राणवायू सोसत नाही, त्यामुळे ताकाच्या वाटीतून ते पोटात जात नाहीत. क्रोन या आतड्याच्या आजारात ब्युटिरेट तयार करणारे काही जिवाणू कमी झालेले आढळतात हे खरे, परंतु ते आजाराचे कारण की परिणाम, हे केवळ मोजदाद करून ठरत नाही.

होंडा यांच्या गटाने साध्या, जिवाणूंसह वाढणाऱ्या उंदरांच्या पिल्लांनाही हे क्लॉस्ट्रिडिया पाजले होते. ती पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्या आतड्यात मुद्दाम दाह निर्माण करण्यात आला, तेव्हा तो इतर उंदरांपेक्षा सौम्य ठरला. ॲलर्जीशी निगडित असलेली आयजीई प्रतिपिंडेही त्यांच्या रक्तात कमी आढळली.