व्यसनी पोराला तुरुंग की उपचार? कायदा काय सांगतो

नमस्कार. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, पोलिसांनी गांजाची शेती उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या आपण खानदेशात नेहमी वाचतो. २० किलोहून अधिक गांजा बाळगणाऱ्याला १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याने किमान १० वर्षांची सक्तमजुरी सांगितली आहे आणि ती योग्यच आहे. पण धुळ्याच्या किंवा जळगावच्या एखाद्या ठाण्यात ज्याच्या खिशातली पुडी पंचांसमोर काट्यावर ठेवली जाते आणि काटा जेमतेम काही ग्रॅम दाखवतो, त्या पोराविषयी आज मला बोलायचे आहे.

नुसत्या सेवनासाठी कलम २७ खाली, हेरॉइन किंवा कोकेन असेल तर, एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गांजासाठी ही मर्यादा सहा महिने आणि १० हजार आहे. याच कायद्यातले कलम ६४-अ मात्र फार थोड्या घरांना ठाऊक असते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा, म्हणजे गांजा एक किलोपर्यंत आणि हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत, आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. दोष सिद्ध झाल्यावरही कलम ३९ खाली न्यायालय आरोपीच्या संमतीने, शिक्षा न सुनावता, त्याला बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकते.

हेरॉइन अचानक तुटले की पहिले काही दिवस उलट्या, जुलाब, अंग मोडून काढणाऱ्या वेदना सुरू होतात आणि डोळ्याला डोळा लागत नाही. हे सारे कोठडीत डॉक्टरविना भोगायला लावणे मला अमानुष वाटते. त्याहून मोठा धोका सुटकेनंतरचा असतो, कारण शरीराची सहनशक्ती घटलेली असताना जुन्याच मात्रेने जीव जाऊ शकतो.

म्हणून आईवडिलांनी लाजेपोटी गप्प न राहता वकिलाला पहिल्याच तारखेला कलम ६४-अ चा अर्ज द्यायला सांगावे. वकील परवडत नसेल, तर कोठडीतल्या व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. एक अट मात्र कडक आहे: उपचार पुरे केले नाहीत, तर हे संरक्षण काढून घेता येते. त्यामुळे धडगावच्या मजुराला प्रत्येक तपासणीसाठी रोजंदारी बुडवून, घाट उतरून नंदुरबार गाठावे लागत असेल, तर तपासणीची आणि औषधाची सोय त्याच्या तालुक्यातच करणे हे सरकारचे काम आहे.