खोक्यावरचं जुनं स्टिकर

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी तोंडावर आली, फराळाचे डबे आता परगावी निघतील. म्हणून आज पार्सलवरच्या त्या काळ्या रेघांविषयी, बारकोडविषयी बोलते.

गेल्या वर्षीची गोष्ट. सांगलीहून वहिनीनं माझ्या भाच्याला बेंगळुरूला फराळ धाडला. उन्हाळ्यात मागवलेल्या मिक्सरचं खोकं माळ्यावर जपून ठेवलं होतं, तेच घेतलं. चकल्या स्टीलच्या डब्यात, भोवती जुन्या साडीचे तुकडे कोंबलेले. कुरिअरवाल्यानं नवं स्टिकर लावलं, पावती दिली.

वसुबारस उजाडली तरी पत्ता नाही. वहिनीचा फोन, "वन्सं, बघा हो जरा मोबाइलवर." मी नंबर टाकला. सांगलीत बुकिंग. सांगलीत थैली बंद. पुण्यात थैली पोचली. पुढे काहीच नाही.

इथं नीट ऐका. थैली पोचली म्हणजे आपलं खोकं पोचलं असं नाही. वाटेत थैलीचा बारकोड स्कॅन होतो. थैली उघडल्यावर आतला एकेक नग वेगळा स्कॅन होतो. आमच्या नगाची ती नोंदच नव्हती. म्हणजे शोधायचं ते पुण्यात. मी फोनवर तेवढंच धरून बसले. तिथल्या माणसानं बाजूला काढलेल्या नगांचा ढीग उपसला, आणि खोकं सापडलं! कडेला मिक्सरचं जुनं स्टिकर तसंच होतं, स्कॅनरनं तेच वाचलं. तो नंबर तर मे महिन्यातच घरपोच झालेला. संगणकानं नाकारला, खोकं बाजूला पडलं. पाडव्याला भाच्यानं फोटो पाठवला. एकही चकली मोडली नव्हती.

विकतचा फराळ बेंगळुरूतही मिळतो हो, पण आईच्या हातची चकली नाही मिळत. चार कमी पाठवा, पण घरच्याच पाठवा, असं माझं ठाम मत आहे.

तर जुनं स्टिकर काढा. पुन्हा सांगते, जुनं स्टिकर काढा. नवं स्टिकर सपाट बाजूला लावा, घडीवर नको. चुरगळलेल्या रेघा स्कॅनरला वाचता येत नाहीत. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाका. स्पीड पोस्टच्या नंबरात दोन अक्षरं, ९ आकडे आणि शेवटी 'आयएन' असतं. नववा आकडा आधीच्या आठांवरून गणितानं काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर ते लगेच कळतं. आणि पिन कोड लिहाच. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि तो घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे कवी! शाळेत हे नाव शिकवायला हवं.

यंदा वहिनीनं खोकं माळ्यावरून काढलं, कोमट पाण्याचा फडका लावून स्टिकर सोललं आणि मगच भाजणी भाजायला घेतली.